पॉम्पेई नव्हे, एर्कोलानो

बाबा नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे परदेशी, श्रूजबरीला यायला निघाले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: वाटेत इटलीत थांबायचं आणि एर्कोलानो बघायचं. मी इथून नेपल्सला जाऊन त्यांना गाठलं. तिथून लोकलसारख्या एका छोट्या गाडीने आम्ही त्या गावी गेलो.

परत आल्यावर इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे कळलं. ती म्हणाली, "काकांनी आपल्याकडे बोलायलाच हवं. पाऊण तास देते त्यांना."

मग बाबांनी आमचं जेवणाचं टेबलच ताब्यात घेतलं. सकाळी चहा झाला की ते फोटो लावत बसायचे, एखादा काढायचे, पुन्हा घालायचे. मी ऑफिसच्या मीटिंगमधून उठून आले की मला ऐकवायचे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी, अगदी समुद्राला लागून असलेलं हे रोमन गाव. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी तो फुटला तेव्हा शेजारच्या पॉम्पेईवर दगड आणि राखेचा पाऊस पडला, इथे मात्र डोंगरावरून तापलेल्या राखेचा लोट आला आणि गाव इतकं खोल गाडलं गेलं की लाकूडसुद्धा जळून नाहीसं झालं नाही, कोळसा होऊन जागच्या जागी राहिलं. दारं राहिली, पलंग राहिले, एका तान्ह्या बाळाचा पाळणा राहिला. वर दुसरं गाव वसलं. पुढे कुणीतरी विहीर खणायला घेतली आणि खालचं गाव लागलं.

बाबांचा आवडता फोटो कठड्यावरून काढलेला होता. खाली उत्खननातला दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि वर आजच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. "निम्म्याहून जास्त गाव अजून या लोकांच्या घरांखालीच आहे," ते म्हणायचे. "त्यांना उठवून खणणार कसं?"

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मुलांचे नाच लांबले, मग साड्यांचा फॅशन शो लांबला. बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसून होते. शेवटी मैत्रीण वाकून म्हणाली, "काका, सॉरी हं. सगळंच लेट झालंय. दहा मिनिटांत होईल ना?"

"पाऊण तास ठरला होता," मी म्हणाले.

"अगं हो यार, पण जेवण आलंय. मुलं भुकेली आहेत."

"होईल," बाबा म्हणाले.

कसं होणार होतं? त्यांनी अर्धे फोटो भराभर पुढे सरकवले. पाळण्याचा फोटो तर कुणाला दिसलासुद्धा नसेल. मग ते समुद्रकाठच्या कमानींपाशी आले. होड्या ठेवायच्या त्या जागा; गावातली शेकडो माणसं सुटकेसाठी तिथे येऊन थांबली आणि तिथेच मेली. इथे मात्र त्यांनी घाई केली नाही. ते म्हणाले, "ही माणसं समुद्राकडे बघत होती. त्यांना वाटत होतं..."

मागे ट्रेची झाकणं उघडली. पुऱ्यांचा वास आला आणि खुर्च्या सरकल्या. माझ्या शेजारच्या मुलीने आईला विचारलं, "मॉम, इज इट ओव्हर?" मैत्रिणीने खालून हाताने आवरतं घ्यायची खूण केली. बाबांनी वाक्य तसंच सोडलं आणि नमस्कार केला. टाळ्या मात्र जोरात झाल्या.

जेवताना एक गृहस्थ प्लेट घेऊन आले. "काका, मस्त बोललात. आम्ही समरला जातोय. पॉम्पेईला अर्धा दिवस पुरेल ना?"

बाबांनी त्यांना शांतपणे गाडी कुठे बदलायची ते सांगितलं. मी माझी प्लेट तशीच ठेवून दिली.

घरी जाताना मी गाडीत भडकले. "मी तिला फोन करणार आहे. आणि पुढच्या वर्षी मंडळाचं एकही काम करणार नाही."

"काही फोन करू नकोस," बाबा म्हणाले. "शाळेत माझा तास कायम शेवटचा असायचा. पोरं दप्तर खांद्याला लावूनच बसायची. मला सवय आहे."

"मला नाही."

त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली. बाहेर गारठा होता. मी हीटर वाढवला.

ते परत जायच्या आधी मी गावच्या लायब्ररीत एक खोली मागून घेतली आणि ओळखीच्या आजी-आजोबांना बोलावलं. मोजकेच आले. एक काकू मध्येच पेंगल्या, एका काकांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बरंचसं दोनदा सांगावं लागलं. तरी बाबा सगळं बोलले. घाई न करता, अगदी कमानींपर्यंत. निघताना ते समाधानी दिसत होते.

मी नव्हते. ज्या हॉलमध्ये माझ्या वयाची दीडदोनशे माणसं बसली होती, तिथे ते बोलायला हवे होते. मैत्रीण अजूनही भेटली की "काका कसे आहेत?" विचारते. बरे आहेत, म्हणते मी, आणि विषय बदलते.