खालीवरांच्या पेटीतल्या तीन जावा

बत्तीस वर्षं ज्या माणसाने लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, त्याला गल्लीने 'खालीवर' म्हणावं यात गल्लीचा काही दोष नाही. लिफ्टदुरुस्तीचा धंदा हे त्याचं निम्मं कारण. उरलेलं निम्मं म्हणजे त्यांचा पारा. सकाळी तळमजल्यावर, जेवणवेळेपर्यंत गच्चीवर. त्यांच्या बायकोलाही हे नाव ठाऊक होतं. ती ते वापरत नव्हती, निदान त्यांच्यासमोर.

निवृत्त झाल्यावर कुणी झाडं लावतं, कुणी शेजाऱ्यांच्या सुनांवर लक्ष ठेवतं. खालीवरांनी एक पेटी घेतली. पावाच्या डब्याएवढी, काळी, समोर वरखाली तीन खण, प्रत्येक खणात एक डिस्क. घरातले फोटो, गाणी, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं तिच्या पोटात. तिचा मोठेपणा असा, की तिन्ही डिस्कांवर माल असा वाटून ठेवलेला असतो की त्यातली कुठलीही एक मेली तरी उरलेल्या दोघी तिचं काम ओढतात आणि घर चालू राहतं. दोघी गेल्या की मात्र संपलं. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही, त्याच्या खांद्यावर सिलिंडर असताना समजावून सांगत. समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी डिस्कांना नावं दिली होती: वरची थोरली, मग मधली, खालची धाकटी. एका घरातल्या तीन जावा. पेटीच्या सेटिंगमध्ये हीच नावं टाईप केली, आणि खणांवर कागदी पट्ट्यांवर लिहून चिकटवलीही.

आता त्यांच्या बायकोचं सांगायचं. शाळेत शिवण शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. तीस वर्षांत त्यांनी भरतकामाचे सहाशेवर नमुने काढले होते, पातळ ट्रेसिंग कागदावर, पेन्सिलीने, प्रत्येकावर टाक्यांची नावं आणि दोऱ्यांचे रंग. त्याचं पुस्तक व्हायचं होतं. खालीवरांनी उत्साहाने एकेक कागद स्कॅन करून पेटीत भरला, आणि शेवटचा कागद भरून झाल्यावर त्यांची जीभ वळवळली. म्हणाले, आता ही वाळवीची मेजवानी कशाला ठेवतेस? शिवणबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? त्यांनी दोनदा छाती पुढे काढून सांगितलं की तिघींतली एक मेली तरी तुझ्या एका टाक्याचा केस वाकडा होणार नाही. कागद रद्दीत गेले.

त्या मंगळवारी शिवणबाई दात दाखवायला गेल्या होत्या. चार वाजता त्यांची थोरली जाऊ येणार होती. तिचा छोटा छापखाना होता, पुस्तक तीच काढणार होती, आणि नमुन्यांच्या फायली न्यायला ती स्वतः येत होती. साडेदहाला पेटी किणकिणू लागली.

खालीवरांना खरं सांगायचं तर आनंद झाला. पेटीचा मोठेपणा दाखवून द्यायचा प्रसंग आला. त्यांनी चष्मा पुसला, कॉम्प्युटर लावला. पडद्यावर लाल अक्षरांत धाकटी मेल्याचं आलं होतं. ठीक. कपाटात एक कोरी डिस्क अशाच दिवसासाठी ठेवलेली होती. त्यांनी 'धाकटी' लिहिलेला खण ओढून डिस्क काढली आणि तिथे नवी बसवली, आणि हात झटकून मागे सरले.

पेटीची किणकिण थांबली आणि तिने सलग भोंगा धरला. पडद्यावर आता दोन लाल ओळी होत्या. धाकटी मेली. थोरली गायब. नमुन्यांचा फोल्डर उघडून पाहिला तर आत काहीच नव्हतं.

थोरली? थोरलीला तर बोटही लावलं नव्हतं. त्यांनी 'थोरली' लिहिलेल्या खणावर तळवा ठेवला. आत डिस्क ऊबदार होती, छान घुरघुरत होती, हिरवा दिवाही लुकलुकत होता. जिला पेटी गायब म्हणत होती ती समोर बसून घोरत होती. उलट जिला पेटी ठणठणीत म्हणत होती त्या 'मधली'च्या खणावर लाल दिवा. खालीवर त्या लाल दिव्याकडे बघून हसले, कारण हे त्यांना नवीन नव्हतं. किती इमारतींत लिफ्ट चौथ्यावर उभी आणि दिवा सहाव्याचा लागलेला त्यांनी पाहिला होता. दिव्याची वायर उलटी जोडलेली असते, दुसरं काय. दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा धडा होता.

मग त्यांनी त्या धड्याप्रमाणे सगळं केलं. पेटी बंद केली, पुन्हा लावली. मागची वायर बदलली. काढलेली डिस्क परत त्याच खणात ढकलली. भोंगा बंद करण्याचं बटण सापडलं, एवढीच प्रगती. पडद्यावर आता एक प्रश्न आला होता: बाहेर गेलेल्यांपैकी कुणाला परत घ्यायचं, थोरलीला की धाकटीला? खाली तंबी होती, की चुकीची घेतलीत तर माल कायमचा विसकटेल. त्याखाली आणखी एक बटण होतं, सगळं पुसून नव्याने मांडायचं.

परत ढकललेली तर धाकटी होती, आणि ती मेलेली होती. थोरली कुठे गेलीच नव्हती, मग तिला परत कुठून घ्यायची? खालीवरांनी कागदावर तीन चौकोन काढले, त्यांत नावं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. तिसऱ्या कागदावर मधली दोन ठिकाणी आली आणि थोरली कुठेच आली नाही. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते काही उगाच नाही. पारा गच्चीवर जायची वेळ झाली होती, पण तो तळमजल्याच्याही खाली उतरला होता. त्यांना रद्दीवाल्याचा तराजू डोळ्यांसमोर दिसत होता.

साडेबाराला शिवणबाई अर्धा गाल बधिर घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? खालीवर म्हणाले, जरा धूळ झटकतोय. धूळ झटकायला स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि चार कागद लागतात हे शिवणबाईंनी ऐकून घेतलं, आणि बधिर गालामुळे पुढचं मनात ठेवलं. खालीवर जेवले नाहीत. बाईंनी दोनदा ताट झाकलं.

चारला थोरली जाऊ आली. हिची गंमत अशी की ती शिवणबाईंपेक्षा सात वर्षांनी लहान. खालीवरांच्या थोरल्या भावाने चाळिशीनंतर लग्न केलं, त्यामुळे ही मागून आली आणि पुढे बसली. शिवणबाई तिला पहिल्या दिवसापासून 'अहो जाऊबाई' म्हणत आल्या, सुरुवातीला जरा दाताखाली धरून, नंतर सवयीने.

तिने पेनड्राइव्ह पुढे केला, तसा खालीवरांचा बांध फुटला. सगळं सांगितलं. रद्दीचंही.

शिवणबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. चादरीवरच्या भरतकामावरून बोट फिरवू लागल्या. हे खालीवरांना जास्त लागलं.

"वहिनी, मी धाकटीला काढलं आणि पेटी म्हणते थोरली गेली," ते म्हणाले. "आणि थोरली तर इथे बसलीय."

जाऊबाईंनी खणांवरच्या पट्ट्या वाचल्या. वर 'धाकटी', मध्ये 'थोरली', खाली 'मधली'. मग पडदा वाचला. छापखान्यात मजकूर जुळवून बघण्यात आयुष्य गेलेलं, त्यांनी विचारलं की धाकटी सगळ्यांच्या डोक्यावर कशी बसली?

उत्तर शिवणबाईंनी दिलं.

"दोन वर्षांपूर्वी वरची बिघडली होती ना? तुम्ही नवीन आणून तिथेच बसवलीत. मग म्हणालात, ही सगळ्यात नवी, हिला थोरली कशी म्हणायची. सगळ्या पट्ट्या खरवडून वयाप्रमाणे लावल्यात. माझा नेलपॉलिश रिमूव्हर संपवलात."

"आणि पेटीत नावं बदललीत?" जाऊबाईंनी विचारलं.

खालीवरांनी नाही म्हणून मान हलवली. पेटीला कोण सांगणार होतं?

जाऊबाई हसल्या. "भावोजी, वय बघायचं तर या घरात मी तुमची धाकटी भावजय. मग आजवर वहिनी कशाला म्हणालात? थोरलीच्या जागेवर आली ती थोरली. पेटीला एवढं कळतं."

खालीवरांनी पाचवा कागद घेतला. पेटी जागेप्रमाणे बोलत होती आणि ते वयाप्रमाणे ऐकत होते. पेटीची धाकटी म्हणजे सगळ्यात खालचा खण, ज्यावर त्यांनी स्वतः 'मधली' चिकटवलं होतं आणि ज्याच्यावर सकाळपासून लाल दिवा होता. दिवा बरोबर होता. मेली होती ती खालची, आणि त्यांनी ओढून काढली होती ती वरची, पेटीची थोरली, धडधाकट. एक मेलेली, एक त्यांनी हाकललेली, म्हणून दोघी गेल्या. आता थोरलीला परत घ्यायचं. बस.

बस, पण बोट बटणाच्या वर थांबलं. सकाळी हेच बोट किती खात्रीचं होतं. त्यांनी कागद फिरवून बायकोपुढे धरला.

"बघ गं एकदा. बरोबर आहे का?"

शिवणबाईंनी कागद घेतला. टाके मोजावेत तसं बोट ठेवून एकेक चौकोन वाचला, उठून पेटीपाशी गेल्या, तिन्ही खण पाहिले, पुन्हा कागद पाहिला.

"थोरली," त्या म्हणाल्या. "दाबा."

त्यांनी दाबलं. पेटीने बराच वेळ विचार केला. आत काहीतरी कुरकुरलं. मग फोल्डर एकेक करून वर येऊ लागले, आणि नमुन्यांचा फोल्डर सगळ्यात शेवटी आला, भरलेला.

नव्या डिस्कचं नंतर बघू, म्हणत जाऊबाईंनी आधी पेनड्राइव्ह लावायला सांगितला. कॉपी होताना शिवणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि नमुने उघडून बघू लागल्या. एक उघडला, दुसरा उघडला. कमळाच्या एका नमुन्यावर थांबल्या. खालीवर मागे उभे होते, आता बोलतील, आता बोलतील म्हणून.

"इथे साखळीटाका लिहिलाय," त्या म्हणाल्या. "काश्मिरी हवा. पुसता येतं का यावर?"

येतं, खालीवर म्हणाले, आणि कसं ते घाईघाईने दाखवू लागले. रद्दीचा विषय शिवणबाईंनी त्या दिवशी काढला नाही. दुसऱ्या दिवशी गालाचा बधिरपणा पुरता उतरला होता, तेव्हा काढला.