उडत आलेली लक्ष्मी

खाली अंगणात पिंजारी जुनी गादी पिंजतोय. तापलेल्या कापसाचा कोंदट वास वर आला, तशा मी खिडक्या घट्ट लावून घेतल्या. सुनेला याचं हसू येतं. येऊ दे.

इंग्रजांच्या अमदानीत आबा जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागले आणि आम्ही असोदा सोडून जळगावला आलो. जिनामागे नवी आळी वसत होती. भिंतींचा चुनाही अजून ओला होता. दिवसभर यंत्रांची धडधड जमिनीतून तळपायांना लागायची आणि कापसाची पिंज घरभर उडायची. दुधावर, पाळण्यावर, देवापुढच्या ज्योतीभोवती.

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर आईने केरसुणी उचलली. शेजारची, धुळ्याकडची अक्का उंबऱ्यातूनच ओरडली, "दिवा लागना ना! झाडू नको व माय, ही लक्ष्मी शे."

"खरंय," आबा म्हणाले. "गाव वाढतंय ते हिच्याच जिवावर."

आईने केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि खोकत चुलीपाशी बसली. जाळाच्या उजेडात तिच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरा थर दिसला. मी टाळ्या पिटल्या, "आई म्हातारी झाली!" सगळे हसलो. आईही हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा ढास लागली. आबा आवाज चढवून, नव्याने उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या जिनाबद्दल सांगत राहिले.

आज माझे केस तसेच पांढरे झालेत. म्हातारी झालेली आई मी पाहिली, ती तेवढीच एकदा.