मामांचं नाक

मामांचं कोळशाचं दुकान आहे. मांस भाजायला कोणत्या कोळशाच्या वड्या विकायला ठेवायच्या, हे ते दर रविवारी परसात दोन शेगड्या पेटवून, धूर हुंगून ठरवतात. गिऱ्हाईक त्यांच्या नाकावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. मला ते शेजारी बसवतात. मला वाटायचं, सोबतीला.

काल मला खोकला होता, म्हणून तोंडाला रुमाल बांधून बसलो होतो. डाव्या शेगडीतून रॉकेलचा असा भपकारा आला की रुमालातूनही मळमळलं. मामांनी मात्र वाकून खोल श्वास घेतला.

"वा! हाच माल मागवतो."

"मामा, चेष्टा करताय?"

फोनकडे गेलेला त्यांचा हात थांबला. "का? घाण येतेय?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"गेल्या वर्षीच्या तापात माझं नाक गेलं रे, कसलाच वास येत नाही," ते हळूच म्हणाले. "तुझं तोंड वाकडं झालं की मला कळायचं. आणि आज तोंडच बांधून आलास, शहाण्या!"

इतके रविवार दुकान माझ्या तोंडावर चाललं होतं.

आतून मामींनी विचारलं, "ठरलं का हो?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल सोडला आणि उजव्या शेगडीवर वाकलो.