वायरमामांनी उठवलेला कॅमेरा

वायरमामांचा हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा. पण प्रोजेक्टर रुसला, नेट गेलं, प्राचार्य पासवर्ड विसरले, की सगळं कॉलेज त्यांच्याच नावाने ओरडतं. मीही त्यातलीच. तेवीस वर्षं त्यांना कामं सांगत आले आणि आभार मानायचे तेवढे राहून गेले.

परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर मी ‘शहरांचं पाणी’ हा ऑनलाइन वर्ग सुरू केला. पडद्यावर तिकडचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी, समोर आमची अकरा मुलं. त्यांच्यापैकी एकाच्याही घरात पासपोर्ट नाही, जग बघायला हीच एक खिडकी. मामा शेजारच्या खोलीत लाइन सांभाळत बसायचे. चार तास छान झाले या आनंदात मी होते, तोच तिकडून पत्र आलं. तुमची मुलं प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं टाळतात, उठून जातात, पुढच्या तासालाही असंच झालं तर वर्ग थांबवावा लागेल.

माझा पारा चढला. कोण उठून गेलं? कधी? मामांनी मात्र जेवणाची सुट्टी मोडून चारही तासांचं रेकॉर्डिंग पुढे पळवत पाहिलं आणि मला बोलावलं. आमची मुलं प्रश्न आला की शहाण्यासारखी उभी राहत होती. कॅमेरा बसल्या उंचीला, माईक टेबलावर. तिकडे दिसत होती नुसती शर्टाची बटणं आणि पट्टे, आवाज पुटपुटल्यासारखा. त्यांना वाटलं, निघाली पोरं. आणि मी पहिल्या बाकावर बसून पडद्यावरच्या पाहुण्यांकडे टक लावलेली. पडद्याच्या कोपऱ्यातली आमचीच छोटी चौकट मला कधी दिसलीच नाही.

मी फर्मान काढलं, कोणीही उठायचं नाही.

“मॅडम, मुलांना बसवण्यापेक्षा कॅमेराच उठवू या,” मामा हळूच म्हणाले. मी त्यांना लाइन सांभाळायला सांगितलं.

पाचव्या तासाला पहिलाच प्रश्न वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला आला. बसल्या बसल्या तिने दोन शब्द काढले, अडखळली आणि गप्प झाली. सरांशी बसून बोलायची सवयच नाही, जीभ वळणार कशी? तिकडचे प्राध्यापक वहीत काहीतरी लिहू लागले. तेवढ्यात मामा आत आले आणि त्यांनी कॅमेरा सोडवला. माझं न ऐकता त्यांनी आदल्या दिवशीच लांब वायर जोडून ठेवली होती. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात माईक घेऊन ते तिच्यासमोर उभे राहिले.

“ऊठ बाळा. आता बोल.”

ती उठली आणि घडाघडा बोलली. मग तासभर मामा बाकांमधून फिरत होते. दंड भरून आले, पण चौकट हलली नाही. कोपऱ्यातल्या लाजाळू मुलासमोर तर ते कोणी न विचारताच जाऊन थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी त्यानेच पाहुण्यांना एक प्रश्न टाकला.

आठवड्याने पत्र आलं. वर्ग आणखी तीन वर्षं चालणार होता. खाली प्रत्येक मुलाचं नाव घेऊन त्याच्या मुद्द्यावर दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. मी ते घेऊन मामांच्या खोलीत गेले. मला त्यांची माफीही मागायची होती. त्यांनी कागद घेतला आणि नावांवरून बोट फिरवत मोजलं.

“अकराच्या अकरा,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत राहिले. मी त्यांच्यासमोर मुलांसारखीच ताठ उभी राहिले आणि हात जोडले.