इरकलीच्या पदराला कात्री मी लावली

मी, माणिकराव ग्यानोबा बिराजदार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार निलंगा, धंदा चाळीस वर्षे आठवडी बाजारांत इरकली लुगडी विकणे, हल्ली निवृत्त, असे लिहून देतो की पुढील प्रवास मी स्वतः केला. नात प्रणाली हा मजकूर तिच्या प्रवासाच्या पानावर घालणार आहे. एकही शब्द बदलायचा नाही, अशी तिला ताकीद दिली आहे.

प्रणाली नांदेडला हवाई सेविकेचे शिक्षण घेते. विमानातील सेविकेसाठी आपल्याकडच्या पेहरावातून गणवेश तयार करणे, ही तिची अखेरची परीक्षा होती. तिने नऊवारी निवडली. कापड मी दिले, शिल्लक ठेवलेले अस्सल इरकल, आणि एकच अट घातली, पदराला कात्री लागता कामा नये.

सकाळी सहाच्या एस.टी.ने मी व माझी पत्नी सौ. गंगाबाई निघालो. पंचाहत्तरीपुढे तिकीट माफ असते, आधारकार्ड मात्र जवळ ठेवावे. लातूरला गाडी बदलावी व डाव्या बाजूस बसावे, उजवीकडे ऊन लागते. अहमदपूरच्या स्थानकाबाहेर न्याहारीला मुरमुऱ्यांचा गरम सुशीला मिळाला. मुरमुरे ओलसर, मिरची बेताची, वर शेंगदाणे. सोबत घरचे धपाटे होतेच. वाहकाने विचारले, “काका, सक्काळी सक्काळी नटूनथटून कुटं निगालाव?”

“इमान बघाया,” गंगाबाईने परस्पर सांगितले.

“मंग पट्टा नीट बांदा, मावशी. पुढं रस्ता लई उडवतोय!”

लोहा गाव येईपर्यंत त्याचे बोलणे खरे ठरले.

नांदेडला साडेअकराला पोहोचलो, रिक्षाने संस्थेत गेलो. आत विमानाचे अर्धे पोट उभे केलेले आहे, खुर्च्यांसकट! दाराला रबरी घसरण लावलेली, संकटात उतारूंना झटपट खाली उतरवायची. मी दोन पावले मागे सरलो, हे कबूल करतो. भिंतीलगत सेविकांचे आजवरचे गणवेश घातलेले चार पुतळे होते. पहिल्यावर परदेशी धाटणीचा कोट व आखूड घागरा, दुसऱ्यावर सहावारी, तिसऱ्यावर कुर्ता व विजार, चौथ्यावर शिवलेली साडी, जिला बाजूने चेन. तेथील प्रशिक्षक बाई म्हणाल्या, “आजोबा, साडी दिसायला सुंदर, पण टाचण्या फार लागायच्या आणि पळता येत नसे. म्हणून कुर्ता आला. आता साडी परत येते आहे, पण शिवून.”

“पाचवा पुतळा रिकामा का?” मी विचारले.

“जी मुलगी पास होईल, तिचा गणवेश त्यावर.”

प्रणाली बाहेर आली. निळे अंग, तांबडा काठ, शिवलेला काष्टा, आणि खांद्यावरून पूर्ण लांबीचा रेशमी पदर. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो, मागावरच फासाला फास देऊन जोडतात. मी ताठ उभा राहिलो.

गणवेश घालून दार उघडायचे व घसरणीवरून झटकन खाली यायचे, अशी परीक्षा होती. शिट्टी वाजली. पोरीने दार उघडले, उडी घेतली आणि मधेच लटकली. पदर दाराच्या मुठीत अडकला होता. मुली हसल्या. बाई म्हणाल्या, “नापास. तीन वाजता शेवटची संधी.”

प्रणाली माझ्याकडे पाहून खाली मान घालून उभी राहिली. माझी अट तिने कोणास सांगितली नाही. ते मला अधिक लागले.

मी म्हणालो, “मूठ बसवणाऱ्याची चूक आहे.”

गंगाबाई कडाडली, “अवं, चाळीस वर्सं लुगडी इकलाव, नेसलाव का कदी? रानात आमी पदर मोकळा सोडतो व्हय? कमरंला खोचतो! पन येवढा लांब खोचला तर गठुडं हुतंय. पोरीचं वरीस जायलंय आन् तुमी मुठीला बोल लावायलाव!”

“आबा, ऱ्हाऊ द्या,” प्रणाली म्हणाली. “मी कुर्त्याचं करते.”

हे ऐकून मी बाईंकडे कात्री मागितली. आयुष्यात मी लुगडे कधी फाडून विकले नव्हते. खांद्यापासून कमरेपर्यंतचे माप घेतले आणि उरलेला सव्वा हात पदर माझ्या हाताने कापला. आपटे बाईंनी, म्हणजे त्याच प्रशिक्षक बाईंनी, पदर अडकवायला कमरेशी दोन बटणे लावून दिली.

तीन वाजता शिट्टी वाजली आणि मी श्वास सोडण्याआधी पोर खाली उभी होती!

“पास,” बाई म्हणाल्या, आणि मीच पहिली टाळी वाजवली.

“आता मलाबी जाऊ द्या एक डाव,” गंगाबाई म्हणाली. दोन मुलींनी वर चढवले, दोघींनी खाली धरले. पदर खोचून, काष्टा सावरून, वय वर्षे एकाहत्तर, ती सरळ खाली आली व म्हणाली, “आता तुमी.” मी धोतराचे कारण सांगितले.

परतीच्या गाडीत तिने लातूरपर्यंत तेच सांगितले. शेजारचा उतारूही ऐकून दमला. घरी आल्यावर गल्लीत चर्चा झाली की शहरात शिकून पोरीने इरकलीचा पदर कापला. म्हणून हे लिहिणे आले. चाळीस वर्षे मी लुगड्याची घडी पाहिली, नेसणारीची धाव त्या दिवशी पाहिली. कापलेला तुकडा माझ्या पेटीत आहे. खात्री करावयाची असल्यास कोणीही यावे.

कात्री चालली तेव्हा समक्ष हजर: नात प्रणाली, जी नको म्हणत होती, आपटे बाई, ज्यांची कात्री, आणि पत्नी सौ. गंगाबाई, जिने पदर ताणून धरला.