उजवी सीट

आज लिंबू चिरताना परदेशात पहिली गाडी घेतली तो दिवस आठवला. गावी केनवडला मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रॅक्टर चालवत होतो, पण इथल्या विमावाल्यांच्या लेखी मी नवशिक्या होतो आणि विम्याशिवाय किल्ली मिळत नव्हती. अखेर एका कंपनीचा होकार मोबाईलवर आला. मी किल्ली घेतली, पळत जाऊन लिंबं आणली, चाकांखाली ठेवली, गाडीत बसलो आणि गावी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा वैतागले, "तू बाजूच्या सीटवर काहून बसला? डायवर कुठी हाये?" मी त्यांना डावीकडचं स्टिअरिंग दाखवलं. ते म्हणाले, "मंग उजवी सीट माही." मी गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली, घमघमाट सुटला. उद्या बाबा पहिल्यांदा इकडे येताहेत, आणि त्याच गाडीची ती सीट मी सकाळपासून पुसतोय.