तंबूतली शेजारीण

म्हसाच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला, एक अनोळखी म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर अंधारं घर होतं आणि नायिकेच्या मागून सुरा घेतलेला माणूस येत होता. अशा सिनेमांत नायिका मागे कधी बघतच नाही.

म्हातारी पदर खोचून उभी राहिली. “मागं बघ गो पोरी!”

लोक हसले. मी म्हणालो, “आजी, तिला ऐकू नाय जात.”

“म्हणून काय आपुन गप बसायचं?” असं म्हणून ती पुन्हा ओरडली. मग सगळा तंबू ओरडू लागला, मीसुद्धा.

नायिका गर्रकन वळली आणि तिने त्याला जिन्यावरून खाली लोटलं. शिट्ट्यांनी तंबू दणाणला. म्हातारीने दोन्ही हात उंचावले.

“वाचली रे!”

तिला कोणी वाचवलं, याबद्दल तंबूत कुणालाच शंका नव्हती.